दिवा आणि नोंदवही

१/ दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, जगभर परिचारिका दिन साजरा होतो. गंमत अशी, की ज्या आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेचा हा दिन, तिच्या संस्थापिकेचा नाइटिंगेल यांच्याशी उभा वाद होता. तो वाद विसरला, तर या दिनाचा निम्मा अर्थ हरवतो.

२/ संस्थापिका एथेल बेडफर्ड फेनविक. १८८१ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्या लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या. त्या काळी कोणतीही स्त्री स्वतःला परिचारिका म्हणवू शकत असे. फेनविक यांची मागणी स्पष्ट होती : तीन वर्षांचे शिक्षण, परीक्षा आणि कायद्याने राखलेली नोंदवही.

३/ नाइटिंगेल यांचा याला ठाम विरोध होता. चारित्र्य आणि सेवावृत्ती परीक्षेने मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच पोकळ नव्हते. शिवाय हा व्यवसाय सुस्थित घरांतील स्त्रियांचा असावा, असा फेनविक यांचा कल होता. हा दोष झाकण्याचे कारण नाही.

४/ जुलै १८९९. स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी अनेक देशांच्या प्रतिनिधी लंडनमध्ये जमल्या होत्या. त्याच सुमारास फेनविक यांनी परिचारिकांच्या जागतिक संघटनेचा प्रस्ताव मांडला. ब्रिटिश स्त्रीला संसदेसाठी मताधिकारही नव्हता, त्या काळात या स्त्रिया आपल्या व्यवसायाचा कारभार स्वतःच्या हाती मागत होत्या.

५/ लंडनच्या त्या मेळाव्यास न्यूझीलंडच्या ग्रेस नील उपस्थित होत्या. १९०१ मध्ये त्यांच्या देशाने परिचारिका नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. असे करणारा तो पहिला देश. ब्रिटनला त्यासाठी १९१९ उजाडले. तेथील नोंदवहीत पहिला क्रमांक फेनविक यांचाच. भारतीय परिचारिकांची संघटना १९१२ मध्ये परिषदेत सामील झाली. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा मात्र १९४७ मध्ये झाला.

६/ दिवा करुणेचे प्रतीक, नोंदवही अधिकाराचे. आपण दिव्याची चित्रे लावतो, कारण करुणेला नमस्कार करून मोकळे होता येते. अधिकार मान्य केला की वेतन, कामाचे तास आणि निर्णयातील वाटा यांचा हिशेब द्यावा लागतो. २०२० मध्ये आपण थाळ्या वाजवल्या, तेव्हाही हा हिशेब बाकीच होता. परिचारिकेला देवदूत म्हणण्यापूर्वी तिला व्यावसायिक म्हणायला शिकू या. फेनविक यांचे भांडण त्यासाठीच होते.