आलं तसं पुढे पाठवलं

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीत चादरी विकणाऱ्या एकाला पाच-सहा जणांनी अडवलं. मोटारसायकलच्या मागे गाठोडं, बोलणं उत्तरेकडचं, उन्हाने रापलेला माणूस. "आधार कार्ड दाखव." "गाव कोणतं?" "गाठोडं सोड." त्याने निमूट सोडलं. आत चादरीच निघाल्या. मग "पुन्हा इकडे दिसू नको" असा दम देऊन त्याला जाऊ दिलं. मी खाली पोचलो तोवर तो चादरींच्या घड्या घालत होता. विचारलं, काय झालं? म्हणे, "ग्रुपवर आलंय ना भाऊ, मुलं पळवणारी टोळी फिरतेय."

घरी येऊन ग्रुप उघडला. मेसेज टाकला होता कॉलनीतल्या एका आबांनी. त्यांना फोन केला. त्यांना साडूने पाठवला होता. साडूला कोणी पाठवला, माहीत नाही. मेसेजात गावाचं नाव नाही, तारीख नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही. फक्त शेवटी लिहिलेलं, "आलं तसं पुढे पाठवलं, काळजी घ्या." आणि त्याखाली जोडलेले हात.

मित्रांनो, इतर कुठे हे घडलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण आपण धुळे जिल्ह्यातली माणसं आहोत. आपण इतक्यात विसरलो?

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची ही माणसं, घरापासून कित्येक कोस लांब, पोटासाठी फिरत आलेली. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना धरलं आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारलं. पाचही जण मेले. त्यांच्याकडे पळवलेलं एकही मूल नव्हतं.

त्या उन्हाळ्यात देशभर जी क्लिप फिरत होती, ती तुम्हीही पाहिली असेल. दोघे मोटारसायकलवरून येतात, रस्त्यावर खेळणारं एक पोर उचलतात आणि पसार होतात. ती क्लिप आपल्याकडची नव्हतीच. पाकिस्तानात कराचीत, मुलांच्या सुरक्षेबद्दल लोकांना जागं करायला बनवलेल्या एका फिल्मचा तो तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये तेच दोघे पोराला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला. खोटं बनवायला एवढंच पुरलं.

आता जी गोष्ट सांगायला मला सात वर्षांहून जास्त लागली, ती सांगतो. त्या जून महिन्यात तसलीच एक ऑडिओ क्लिप मीही दोन ग्रुपवर टाकली होती. एक नातेवाइकांचा, एक जुन्या वर्गमित्रांचा. "खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहा" असं वर लिहूनही. राईनपाड्यात मी कोणाला ओळखत नाही. माझी क्लिप तिथवर गेली, असं मी म्हणत नाही. पण गेली नाही, असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. पुढच्या आठवड्यात बातमी वाचली तेव्हा पहिलं काम काय केलं असेल, तर ती क्लिप डिलीट केली. माफी मागितली नाही, ग्रुपवर एक ओळ लिहिली नाही. गुपचूप डिलीट.

मी अडाणी नव्हतो. बी.एस्सी. झालोय, पेपर वाचतो. मग पाठवली कशी? याचं उत्तर मोबाइलमध्ये शोधून सापडलं नाही. ते घरात सापडलं.

लहानपणी जेवायला कुरकुर केली की आजी म्हणायची, "झोळीवाला येईल, झोळीत घालून नेईल." तुमच्याही घरी म्हणत असतील. दारात डमरू वाजला की आम्ही पोरं कॉटखाली. आजीच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आमच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की फिरून मागून खाणारा माणूस म्हणजे पोरं नेणारा. आणि हे फक्त आजीचं नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. कागदावरून गेला, आपल्या बोलण्यातून गेला नाही. गावात चोरी झाली की आधी कोणाच्या पालांकडे बोट जातं, हे मी वेगळं सांगायला नको.

म्हणजे मेसेज येण्याआधीच जमीन नांगरून तयार होती. बी काल पडलं एवढंच. त्या क्लिपमध्ये सुटाबुटातला, चारचाकीतून उतरणारा माणूस मुलं पळवतो असं असतं, तर मी दहा वेळा विचार केला असता. झोळीवाल्यावर मी एका क्षणात विश्वास ठेवला. ती क्लिप खरी असल्याचा कोणताच पुरावा माझ्याकडे नव्हता. ती फक्त माझ्या जुन्या समजुतीला फिट बसली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की "हे खरं आहे का?" हा प्रश्न पुरेसा नाही. त्याच्याआधी "हे मला लगेच का पटलं?" असं स्वतःला विचारायला पाहिजे. जो मेसेज वाचताच "बघा, मी म्हणत होतो ना!" असं तोंडातून निघतं, तोच सगळ्यात जास्त तपासायचा.

यावर लोक काय म्हणतात, तेही ठाऊक आहे.

"सावध केलेलं बरं ना, त्यात काय बिघडलं?" बिघडतं. सावध करणारा माणूस जागा सांगतो, वेळ सांगतो, स्वतःचं नाव सांगतो. गावात बिबट्या आला तर आपण "कुठे दिसला, कोणी पाहिला?" हे विचारल्याशिवाय राहतो का? माणसाच्या बाबतीत मात्र विचारत नाही.

"सगळेच खोटं बोलतात हो. पेपरवाले, टीव्हीवाले, सरकार, सगळे विकले गेलेत." हे म्हणणारा स्वतःला फार चिकित्सक समजतो. पण गंमत बघा. सगळ्यांवर अविश्वास दाखवणारा हाच माणूस साडूच्या फॉरवर्डवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. सगळ्यांना खोटं ठरवणं सोपं आहे, त्यात कष्ट नाहीत. यातलं किती खरं आणि किती खोटं, हे बघायला कष्ट लागतात.

"तुम्हाला आमच्याच धर्माचे मेसेज दिसतात का?" नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असाच जमावाच्या हातून मेला. तिथेही अफवाच होती. आणि त्या तिघांच्या मृत्यूलाही धर्माचा रंग देणारे मेसेज लगेच सुरू झाले. एका अफवेने माणसं मारली आणि तिच्या पाठोपाठ दुसरी अफवा निघाली. जमाव गळ्यातली माळ बघत नाही आणि डोक्यावरची टोपीही बघत नाही. आज झोळीवाला, उद्या तुमचा-माझा पोरगा, परगावी रस्ता विचारायला थांबलेला.

"आता कंपनीनेच बंदोबस्त केलाय." केलाय थोडा. त्याच २०१८ च्या जुलैत व्हॉट्सॲपने फॉरवर्डवर खूण लावली, एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा आणली. चांगलं झालं. पण आबांना पाचसुद्धा लागले नाहीत. गल्ली पेटवायला एक ग्रुप पुरतो.

तसे आपण काही भोळे नाही हो. आंबा घेताना देठाशी वास घेऊन बघतो, देवगड म्हणून कर्नाटकचा देतोय का ते विचारतो. सोनं घेताना हॉलमार्क बघतो. सोयरीक जुळवताना तर मुलाच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी जाते. तपासण्याची अक्कल आपल्याकडे भरपूर आहे. फक्त स्वतःचा पैसा आणि स्वतःची लेक असेल तिथेच ती वापरतो. दुसऱ्याच्या जिवावर बेतणारी गोष्ट असली की "आलं तसं पुढे पाठवलं."

आणि हे विचारणं बाहेरून आलेलं फॅड नाही. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी समाज स्थापन केला, त्याच्या नावातच सत्य शोधायचं काम सांगितलंय. गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. आपण त्यांच्या जयंत्यांचे बॅनर लावतो आणि ग्रुपवर कोणी साधं "कशावरून?" विचारलं, तर त्यालाच शहाणा म्हणून चिडवतो.

खरी अडचण तिथेच आहे. बहुतेकांना कळतं की मेसेज खोटा आहे. पण मोठ्या माणसाला कसं बोलायचं, कशाला वाईटपणा घ्यायचा, म्हणून गप्प बसतात. शंभर जणांच्या ग्रुपमध्ये नव्वद जण गप्प राहिले, की उरलेल्या दहांना वाटतं सगळ्यांना पटलंय.

म्हणून मी एक ठरवलंय. ग्रुपवर असा मेसेज आला की तिथेच, सगळ्यांसमोर, आदराने विचारायचं, "आबा, हे कुठलं? कधीचं? तुम्हाला कोणी सांगितलं?" उत्तर नसेल तर काढून टाकायची विनंती करायची. पोलीस ठाण्यात फोन करून खात्री करायची आणि तेही ग्रुपवर लिहायचं. आणि स्वतःच चुकीचं पाठवलं असेल, तर गुपचूप डिलीट करायचं नाही. "मी चुकलो" असं तिथेच लिहायचं. सात वर्षांपूर्वी मी लिहिलं नाही, ते आज इथे लिहितोय.

परवा आबांना हे विचारलं. आधी रागावले. रात्री मेसेज काढून टाकला आणि फोन करून म्हणाले, "अरे, माझ्या लक्षातच आलं नाही." आबा वाईट माणूस नाहीत. राईनपाड्याच्या बाजारात जमलेल्या गर्दीतले कित्येक जणही घरी चांगलेच असतील.

तो चादरीवाला पुन्हा आमच्या गल्लीत येईल असं वाटत नाही. आला तर एक चादर घेईन. पण तो जिवंत परत गेला, यात आपल्या शहाणपणाचा वाटा किती आणि त्याच्या नशिबाचा किती, हे प्रत्येकाने आपल्याशी विचारून बघावं.

पटलं नसेल तर खाली भांडा, मी उत्तर देईन. पटलं असेल तर ही पोस्टही तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका.