आधी झोपेची विचारपूस करा

"काम ना धंदा, काहून उठन तो सकाळी?" नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात धाकट्या भावाबद्दल हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. कानात येणारे आवाज, संशय औषधांनी बरेच आटोक्यात आले, झोप मात्र ताळ्यावर आली नाही. रात्री तीनला तो गच्चीवर येरझारा घालतो, पहाटे त्याचा डोळा लागतो. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो तो फक्त दुपारी लोळणारा पोट्टा.

त्या टोमण्याला विज्ञानानं उत्तर दिलेलं आहे आणि ते अशा प्रत्येक घरात पोचायला हवं. कॅथरिना वुल्फ, रसेल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधला एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात स्किझोफ्रेनियाचे 20 रुग्ण होते आणि तुलनेसाठी 21 निरोगी माणसं, तीही मुद्दाम बेरोजगारच निवडलेली. सगळ्यांच्या झोपेची आणि शरीरातल्या मेलाटोनिन या संप्रेरकाची नोंद ठेवली गेली. औषधं चालू होती, मन स्थिर होतं, तरी एकूण एक रुग्णाची झोप विस्कटलेली निघाली. निम्म्यांचं तर मेलाटोनिनचं चक्रच दिवसरात्रीशी जुळत नव्हतं. कामधंदा नाही म्हणून हे होतं, असं म्हणायला जागाच उरली नाही. मी हे वाचलं तेव्हा भावाच्या वतीनं कोणीतरी बोललं, असं वाटलं.

मेलाटोनिन मेंदूतल्या इवल्याशा पिनियल ग्रंथीतून स्रवतं. अंधार पडला की वाढतं, डोळ्यांवर उजेड आला की थांबतं. रात्र झाली हे ते शरीराला कळवतं. आता आमचा नागपूरचा मे महिना आठवा. दिवसभर खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर चालू, घरात अंधार. आणि रात्री गच्चीवर रस्त्याच्या दिव्यांचा झोत, हातात मोबाइल. ज्याची लय आधीच नाजूक, त्याच्या शरीरानं दिवस कशाला म्हणायचं?

हल्ली मेलाटोनिनच्या गोळ्या, चघळायच्या गमीसुद्धा ऑनलाइन मिळतात. "ताई, नैसर्गिक आहे, त्या डोक्याच्या गोळ्या बंद करून हेच द्या," असं सांगणारे मला भेटतात. माझा याला ठाम विरोध आहे. त्याच अभ्यासात उरलेल्या निम्म्या रुग्णांचं मेलाटोनिन वेळेवर येत होतं, तरी झोप बिघडलेलीच होती. म्हणजे सगळ्यांना एकच गोळी लागू पडणार नाही. चुकीच्या वेळी घेतली तर लय आणखी सरकू शकते. काही छोट्या चाचण्यांत रुग्णांची झोप सुधारली हे खरं, पण त्यानं स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. ही गोळी द्यायची की नाही, कधी आणि किती, हे मनोविकारतज्ज्ञानंच ठरवावं. चालू औषध आपल्या मनानं थांबवणं म्हणजे आजाराला पुन्हा घरात बोलावणं.

माझं मागणं साधं आहे. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही रुग्णालयं आणि 1864 पासून चालत आलेलं आपलं प्रादेशिक मनोरुग्णालय, तिन्ही ठिकाणच्या ओपीडीत रांगेतल्या नातेवाइकाच्या हाती एक छापील कागद द्यावा: कधी झोपला, कधी उठला, रात्री किती वेळा जागा झाला, सकाळचं ऊन अंगावर घेतलं का. आमच्याकडे आजार उसळला, तेव्हा आवाज परतण्याआधी भावाची झोप उडालेली होती. हे घरच्यांना आधी दिसतं, पण विचारलं जातं फक्त "गोळ्या घेतो ना?"

आम्ही आता पहाटे ऊन तापायच्या आत गांधीसागर तलावाच्या काठानं चालतो. तो रोज येतोच असं नाही. आला त्या दिवशी मी वहीत खूण करते आणि पुढच्या तपासणीला वही डॉक्टरांपुढे ठेवते. छापील कागद मिळेपर्यंत तुमच्याही घरी अशी एक वही सुरू करा.