प्रवासातला ऑर्गन
कोपरगाव स्थानकावर गाडी जेमतेम थांबते. नाट्यपदांच्या साथीचा, पायाने भाता मारायचा ऑर्गन तिच्यात चढवायचा कसा? म्हणून यामाहाचा रिफेस वायसी हा छोटा कीबोर्ड वाजवून पाहिला. वजन दोन किलोच्या आत, सहा पेन्सिल सेलवर चालतो, नऊ सरकत्या दांड्यांनी हॅमंड या विजेच्या ऑर्गनचा नाद घडवतो. जीव हरखला. पण 1935 च्या त्या हॅमंडचा सूर विजेवर फिरणाऱ्या चाकांतून निघतो. बालगंधर्वांच्या साथीतल्या ऑर्गनचा, आत ओढलेल्या हवेने थरथरणाऱ्या पितळी रीडमधून. तो ओलावा इथे नाही. शिवाय पट्ट्या बारीक, सप्तकं तीनच. जुन्या सिनेगीतांना हा जरूर घ्यावा. नाट्यपदांसाठी मात्र खऱ्या ऑर्गनचे ध्वनिमुद्रित सूर वाजवणारा, 61 पूर्ण रुंद पट्ट्यांचा कीबोर्डच हवा. मी तोच घेणार, खांदा दुखला तरी.