द्राक्षे तडकतात, औषध चुकते

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये परतीचा पाऊस लांबला, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्यातल्या पूर्वहंगामी द्राक्षबागा काढणीच्या उंबरठ्यावर होत्या. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड, चांदवड, दिंडोरी परिसराला गारपिटीने झोडपले. अशा आपत्तींच्या बातम्या होतात, पंचनामे होतात, मंत्र्यांचे दौरेही होतात. परंतु ज्या वर्षी आभाळ फाटत नाही, त्या वर्षीही एक-दोन एकरांच्या बागायतदाराचा काही माल मण्यात पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंतच्या काळात हातचा जातो. त्याची दखल कोणी घेत नाही. शिवाय हे नुकसान नेमके कशामुळे झाले, हे बहुधा खुद्द बागायतदारालाही कोणी सांगत नाही. तो तडकलेला घड घेऊन औषधाच्या दुकानात जातो आणि बाटली घेऊन परततो.

तडकलेला मणी हेच उदाहरण घ्यावे. मण्यात साखर भरू लागली की तो मऊ पडतो आणि पाणी वेगाने ओढतो. मुळांवाटे तर ओढतोच, पण घड ओला राहिल्यास सालीवाटेही ओढतो. ताण पडलेल्या बागेला एकदम भरपूर पाणी दिले किंवा अवेळी सरी कोसळल्या की आतला दाब सालीला पेलवत नाही आणि देठाजवळ वा कडेने चीर पडते. हा तडा ताजा असतो, भोवतालची साल निरोगी असते. मात्र चिरेच्या आसपास तपकिरी जाळीदार डाग असेल, तर दोष पाण्याचा नाही. मणी ज्वारीएवढा असताना येऊन गेलेल्या भुरीचा तो व्रण असतो. व्रण पडलेली साल ताणली जात नाही. मणी फुगला की ती फाटते. तिसरा प्रकार घडाच्या पोटात दिसतो. विरळणी कमी झाली की मणी एकमेकांवर दाटतात आणि आतल्या आत चिरडून फुटतात. बाहेरून घड देखणा दिसतो, पण रस झिरपून आत कूज सुरू झालेली असते.

पहिल्या प्रकारात ठिबकचे पाणी थोडे थोडे व नियमित देणे, बोदावर आच्छादन करणे आणि काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचू न देणे, हाच उपाय. उरलेल्या दोन प्रकारांची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. भुरीचा बंदोबस्त फुलोऱ्यापासूनच, दाट पाने विरळ करून व वेळेवर गंधक वापरून करायचा असतो. विरळणी मणी लहान असतानाच करावी लागते, आणि नेमकी त्या वेळी मजुरी वाचवण्यासाठी हात आखडला जातो. पिकत्या घडावर मारलेली फवारणी यांपैकी एकही चीर सांधत नाही.

कीटकांबाबतही असाच गैरसमज आहे. फुटलेल्या मण्यांवर मधमाश्या घोंगावताना दिसल्या की त्यांनाच गुन्हेगार ठरवले जाते. वस्तुतः मधमाशीला धडधाकट मण्याची साल फोडता येत नाही. ती आधीच वाहणाऱ्या रसावर येते. गांधीलमाशी मात्र मणी पोखरून रिकामी साल ठेवते. पक्ष्यांची चोच बाहेरच्या मण्यांवर खोल टोचा सोडते. वेलीखाली चघळलेला चोथा पडलेला असेल, तर रात्री वटवाघळे येऊन गेली असे समजावे. पक्ष्यांवर जाळीइतका भरवशाचा उपाय नाही. फटाक्यांना ते काही दिवसांतच सरावतात. घडावर चिकट स्राव, त्यावर काळी काजळी आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर तो पिठ्या ढेकूण. त्याचे घर खोडाच्या सुटलेल्या सालीखाली असते. ती साल एप्रिल छाटणीच्या सुमारास काढून टाकणे आणि मुंग्यांचा रस्ता तोडणे, हे काढणीच्या तोंडावर मारलेल्या कीटकनाशकापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. क्रिप्टोलिमस हा मित्रकीटक त्याला खातो, पण सरसकट फवारणीत तोही मरतो.

थंडी वाढली की हिरव्या जातींचे मणी गुलाबी पडतात, तर उन्हाकडील बाजूला चट्टे येतात. दोन्हींसाठी घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळण्याची रीत नाशिककडे आहे. आमच्या व्यवसायाचा एवढा प्रत्यक्ष उपयोग अन्यत्र क्वचितच होत असेल!

निदान चुकल्याची किंमत केवळ औषधाच्या बिलापुरती राहत नाही. प्रत्येक औषधाची शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर लागते, आणि पिकत्या बागेत नेमके तेच दिवस उरलेले नसतात. अवशेषांचा फटका केवढा बसतो, हे २०१० मध्ये दिसले. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेबाहेर आढळले आणि युरोपात भारतीय द्राक्षे अडकली. हे वाढनियंत्रक तर हंगामाच्या कितीतरी आधी वापरले जाते! निर्यातीच्या नोंदणीकृत बागांतील नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. स्थानिक बाजारात जाणाऱ्या मालाला असा नियमित पहारा नाही, म्हणून घबराटीतली फवारणी तिथे खपून जाते आणि ग्राहकाच्या ताटात पोहोचते.

पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ज्ञानाचा दुष्काळ आहे असे म्हणता येत नाही. उणीव आहे ती बागेत येऊन, घड हातात घेऊन, ‘यावर काही मारू नका’ असे सांगणाऱ्या माणसाची. विक्रेता हे सांगणार नाही, कारण त्याचे पोट विक्रीवर आहे. विम्याचीही तीच गत. हवामानाधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते, बागेतल्या तडकलेल्या मण्यांवरून नाही. केंद्रावर पाऊस कमी नोंदला गेला आणि शिवारात सर कोसळली, तर नुकसान कागदावर उमटतच नाही. प्लॅस्टिक आच्छादन हा पावसावरचा खात्रीचा उपाय खरा, पण त्याचा एकरी खर्च लाखांच्या घरात जातो. तो पेलू शकणारा बागायतदार सहसा मोठाच असतो. अनुदानाची आखणी करताना एकराची मर्यादा आधी ठरवून छोट्या बागांना अग्रक्रम द्यायला हवा. अन्यथा आच्छादन त्यांच्यापर्यंत पोहोचणे अवघड आहे.