बाबासाहेबांनी इन्सुलिन घेतले, आपण अंगारा का लावतो?

1948 च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला तेव्हा त्यांना मधुमेह होता. पाय दुखत होते, रात्र रात्र झोप लागत नव्हती. मुंबईचे डॉ. माधव मालवणकर त्यांच्यावर उपचार करीत होते. त्याच वर्षी 15 एप्रिलला ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. इन्सुलिन, पथ्य, जेवणाच्या वेळा हे सारे त्यांनी सांभाळले. हा आजार अंगावर घेऊनच बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी लढले आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो लोकांना त्यांनी धम्म दिला. बाबासाहेबांनी आजार लपवला नाही, आणि त्यासाठी कुणा बुवाच्या पायरीवरही ते गेले नाहीत.

आणि आपण त्यांचे अनुयायी काय करतो?

जिंतूर तालुक्यात बोरी, चारठाणा, येलदरी कुठेही जा. वस्तीत शुगर आणि बीपी घरोघर आहे. पण गोळी एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते, या भीतीने ती सुरूच केली जात नाही. ज्यांनी सुरू केली ते डोके दुखायचे थांबले की बंद करतात. बंधू-भगिनींनो, बीपी दुखत नाही, म्हणूनच ते घातक आहे. वरचा आकडा 140 च्या किंवा खालचा 90 च्या वर वारंवार येत असेल तर उपचार हवा, मग काही होत असो वा नसो. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून खात्री करून घ्यावी. गोळीने आकडा खाली आला म्हणजे आजार गेला असे नव्हे, गोळी काम करते आहे एवढाच त्याचा अर्थ.

मनाच्या आजाराची गत तर याहून वाईट. पोरगा एकटाच बडबडतो, सून जेवत नाही, म्हातारा रात्रभर येरझाऱ्या घालतो, की लगेच निदान होते : बाहेरचे आहे! मग देवऋषी, अंगारा, उतारा, नाहीतर सैलानीची वारी. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालते याची आम्हाला लाज वाटते. आकडी आली की आजही चप्पल हुंगवतात. शतकानुशतके ज्यांना चपलेजवळ बसवले, त्यांनी आपल्याच लेकराच्या नाकाला चप्पल लावावी? आकडी हा मेंदूचा आजार आहे. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर दवाखाना गाठा. उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली, कामातले, खाण्यातले, लेकरांतले मन उडाले, तर तो आळस नव्हे, आजार आहे. त्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्या फेकून देणारे पुष्कळ आहेत. जीव द्यावासा वाटतो असे कुणी बोलले तर त्याला एकटे सोडू नये. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. दारूने दुःख बुडते म्हणणाऱ्यांना आम्ही इतकेच सांगू की पंचशीलातले पाचवे शील उगाच ठेवलेले नाही.

पण सगळा दोष समाजाच्या माथी मारून मोकळे व्हायला आम्ही तयार नाही. व्यवस्थेचे काय? राज्यातली ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चारही जुनी मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. मनाचा डॉक्टर हवा तर जिंतूरच्या माणसाला बहुतेक वेळा परभणी गाठावी लागते. एक दिवसाची मजुरी बुडवून, सोबत्याचीही बुडवून तो किती वेळा जाईल? 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, हे चांगलेच झाले. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मात्र कुणी देत नाही.

आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांचे काय? तालुक्यातल्या तांड्यांवरून, वस्त्यांतून माणसे कोयता घेऊन निघतात ती पाडव्याच्या सुमारास परततात. गोळ्या मिळतात महिन्याच्या, फड चालतो पाच-सहा महिने. मधल्या काळात काय खायचे, माती? साखरेच्या काही गोळ्या अशा आहेत की त्या घेऊन उपाशीपोटी राबले तर साखर एकदम खाली जाते. पहाटे चारला फडात शिरलेल्या बाईला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, ती भोवळ येऊन पडते. सगळे म्हणतात, अशक्तपणा आहे. अशा वेळी शुद्ध असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्यावा आणि मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव जाते. पाचट टोचले तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पाय जातो. रोज रात्री पाय पाहावेत, अनवाणी फडात उतरू नये. कोपीत फ्रीज कुठला? इन्सुलिनची बाटली कोरड्या डब्यात घालून ओल्या वाळूच्या माठात ठेवली तरी उन्हापासून जपता येते.

आमची मागणी साधी आहे. ऊसतोड मजुरांना गाव सोडण्यापूर्वी पूर्ण हंगामाच्या गोळ्या द्या, आणि कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात चालेल असे कार्ड द्या. टोळी किती माणसांची, उचल किती दिली, याचा हिशोब कारखाने आणि मुकादम चोख ठेवतात. त्याच वहीत कुणाला कोणती गोळी लागते हे लिहायला एक ओळ पुरते.

आणि विहारांसाठी एक. जयंतीच्या डीजेवर जातात त्यातले दीड-दोन हजार काढले तर बीपी मोजायचे यंत्र येते. वर्षावासात दर रविवारी वंदनेनंतर तीस वर्षांवरील प्रत्येकाचे बीपी मोजा, आकडे वहीत लिहा, ज्यांचे वाढलेले दिसेल त्यांना आशाताईंसोबत दवाखान्यात पाठवा. मुकादमाची गाडी वस्तीत यायच्या आत ही वही पुरी व्हायला हवी.