तारखांची शिक्षा

जुन्या शहरातली बाई बोलायला लागली, की घरचेच दटावतात, "गप राह्य, अब्रूचा दावा ठोकीन थो." भीती खोटी नाही. २०१८ मध्ये प्रिया रमाणींनी तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला. अकबरांनी फौजदारी खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीत त्या निर्दोष सुटल्या. वर अपील झालंच. त्या नामवंत पत्रकार, तरी दोन वर्षं तारखा. रोजी बुडवून कोर्टात जाणारी तर पहिल्या नोटिशीलाच माफीनामा देईल. जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेतही अब्रूनुकसानी गुन्हाच आहे. कैद दोन वर्षांपर्यंत. ती दिवाणी बाब करा. आणि तोंड दाबण्यापुरता केलेला दावा सुरुवातीलाच फेटाळून बाईचा खर्च दावेदाराकडून वसूल करा.