अंधाराचे बिल

7 ऑक्टोबर 2003 रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी आपल्या गव्हर्नरला मुदत संपण्यापूर्वीच पदावरून परत बोलावले. ग्रे डेव्हिस हे त्यांचे नाव. सुमारे 55 टक्के मतदारांनी त्यांच्याविरुद्ध कौल दिला आणि त्यांच्या जागी चित्रपटांतील नट अर्नोल्ड श्वार्झनेगर यांना बसवले. याच मतदारांनी अवघ्या अकरा महिन्यांपूर्वी डेव्हिस यांना दुसऱ्यांदा निवडून दिले होते. वृत्तपत्रांनी या घटनेचे वर्णन नटाच्या झगमगाटाचा विजय असे केले. ते सोयीचे होते, पण खरे नव्हते. एका लोकनियुक्त शासनावरील विश्वास कसा आटत गेला, याची ही कहाणी आहे. ती लोकशाही समाजवादाच्या कार्यकर्त्याने बारकाईने अभ्यासावी अशी आहे, कारण तिच्यातील एक पात्र आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावरही येऊन गेले आहे.

आपल्याकडील राज्यपाल केंद्राने नेमलेला असतो. अमेरिकेतील गव्हर्नर थेट जनतेने निवडलेला, राज्याचा प्रत्यक्ष कारभार हाकणारा प्रमुख असतो. कॅलिफोर्निया हे त्या देशातील सर्वाधिक लोकसंख्येचे आणि सर्वाधिक संपन्न राज्य. 1998 साली डेव्हिस 58 टक्के मते मिळवून तेथे निवडून आले. सोळा वर्षांनंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती हे पद आले होते. संगणक व्यवसायाच्या भरभराटीमुळे तिजोरी ओसंडत होती, शाळांवरील खर्च वाढत होता आणि 2001 च्या आरंभीही जनमत चाचण्यांत दहापैकी सहा नागरिक त्यांच्या कारभारावर समाधानी होते. डेव्हिस स्वभावाने सावध होते. कोणालाही न दुखावता मध्यममार्गाने चालावे आणि सर्वांकडून निवडणूक निधी गोळा करावा, ही त्यांची रीत होती. देणगीदारांत कामगार संघटना होत्या, तशाच वीज कंपन्याही होत्या.

संकटाचे बीज मात्र त्यांच्या आधीच पेरले गेले होते. सप्टेंबर 1996 मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी वीज व्यवसाय नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. विधिमंडळात त्याविरुद्ध एकही मत पडले नव्हते. दोन्ही पक्षांनी एकमुखाने सांगितले, की स्पर्धा येईल आणि वीज स्वस्त होईल. 1998 च्या वसंतात हा बाजार सुरू झाला. राज्यातील तीन मोठ्या खाजगी वीज कंपन्यांनी आपली बहुतेक औष्णिक वीजकेंद्रे परराज्यांतील कंपन्यांना विकली आणि लागणारी वीज त्यांनी रोजच्या रोज लिलावातून विकत घ्यावी, अशी व्यवस्था झाली. ग्राहकाचा दर काही काळ गोठवला गेला, घाऊक दर मोकळा सोडला गेला. एका हाताने मर्यादित दराने विकायचे आणि दुसऱ्या हाताने अमर्याद दराने विकत घ्यायचे! असा व्यवहार गावातला किराणा दुकानदारही करणार नाही. पण तज्ज्ञांनी त्याला सुधारणा म्हटले.

2000 च्या उन्हाळ्यात या सुधारणेचे खरे रूप दिसले. दरगोठवणुकीतून आधीच मुक्त झालेल्या सॅन दिएगो शहरात लोकांची वीजबिले काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाली. कॅलिफोर्नियाने घाऊक विजेसाठी 1999 मध्ये सुमारे 7 अब्ज डॉलर मोजले होते. 2000 मध्ये हा आकडा सुमारे 27 अब्जांवर गेला. वायव्येकडील राज्यांत पाऊस कमी पडल्याने जलविद्युत घटली होती आणि नैसर्गिक वायूही महागला होता, हे खरे आहे. पण चौपट खर्चाचा उलगडा त्याने होत नाही. 17 जानेवारी 2001 रोजी उत्तर कॅलिफोर्नियात आळीपाळीने वीज तोडावी लागली. राज्याची उन्हाळ्यातील सर्वोच्च मागणी सुमारे 45 हजार मेगावॉट असे, आणि हा तर ऐन हिवाळा होता! मागणी त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असताना दिवे कसे गेले? कारण हजारो मेगावॉट क्षमतेची केंद्रे दुरुस्तीच्या किंवा अन्य निमित्ताने बंद होती. टंचाई असली की दर चढतो, आणि दर चढावा असे ज्याला वाटते त्याच्याच हाती टंचाई निर्माण करण्याची कळ दिलेली होती.

पुढे मे 2002 मध्ये एन्रॉन कंपनीची अंतर्गत टिपणे उघड झाली. वाहिन्यांवर गर्दी असल्याचे खोटेच दाखवायचे आणि ती ‘दूर’ केल्याबद्दल पैसे घ्यायचे. कॅलिफोर्नियातील वीज कागदोपत्री राज्याबाहेर पाठवायची आणि दरमर्यादा चुकवून तीच पुन्हा आत आणून चढ्या भावाने विकायची. या क्लृप्त्यांना त्या व्यापाऱ्यांनी ‘फॅट बॉय’, ‘डेथ स्टार’, ‘रिकोशे’ अशी नावे दिली होती. त्यांच्यापैकी एका वरिष्ठ अधिकाऱ्याने ऑक्टोबर 2002 मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि मार्च 2003 मध्ये संघराज्याच्या ऊर्जा नियामक आयोगानेही बाजारात हेराफेरी झाल्याचे मान्य केले.

एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला परके नाही. 1993 च्या डिसेंबरात आपल्या वीज मंडळाने याच कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाशी करार केला. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा, अशी त्यातील अट होती. 1995 मध्ये नव्या सरकारने तो करार गाजावाजा करून रद्द केला आणि पुढच्याच वर्षी अधिक मोठ्या स्वरूपात पुन्हा स्वीकारला. 1997 मध्ये या प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या कोळी स्त्रियांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. मे 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत मंडळाला बिले भागवणे अशक्य झाले. 2001 च्या एप्रिलमध्ये गोडबोले समितीने या कराराची चिरफाड केली आणि मे महिन्याच्या अखेरीस प्रकल्प बंद पडला. म्हणजे सॅक्रामेंटो आणि मुंबई या दोन राजधान्या एकाच वर्षी, एकाच कंपनीच्या नावाने बोटे मोडत होत्या. येथे साधन दीर्घ मुदतीच्या कराराचे होते, तेथे रोजच्या लिलावाचे. दोन्हीकडे जोखीम जनतेची आणि नफा मात्र कंपनीचा होता.

आता प्रश्न असा, की डेव्हिस यांनी काय केले? निदान त्यांनी अचूक केले. जानेवारी 2001 मध्ये विधिमंडळापुढील भाषणात त्यांनी नियंत्रणमुक्ती हा घोर अपयशी ठरलेला प्रयोग असल्याचे स्पष्ट सांगितले. बाहेरच्या कंपन्यांना नफेखोर म्हटले. प्रसंगी वीजकेंद्रे सरकारजमा करण्याचा इशारा दिला. पण इशारा इशाराच राहिला. आपल्या कारकिर्दीत दर वाढू नयेत, या हट्टापायी निर्णय लांबत गेला आणि अखेर मार्च 2001 मध्ये मोठी दरवाढ झालीच. 6 एप्रिल रोजी पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या बलाढ्य कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या वीज कंपन्यांनी आदल्या वर्षांत अब्जावधी डॉलर आपल्या पालक कंपन्यांकडे वळवले होते, त्यांची पत संपताच राज्य स्वतःच्या तिजोरीतून वीज विकत घेऊ लागले. त्यानंतर शासनाने 40 अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचे दीर्घ मुदतीचे करार केले, तेही बाजार शिगेला पोचला असताना! जून 2001 मध्ये वॉशिंग्टनच्या आयोगाने अखेर संपूर्ण पश्चिम भागाला दरमर्यादा लावली, दर खाली आले आणि करार महागात पडले. या खरेदीसाठी 2002 मध्ये सुमारे 11 अब्ज डॉलरांचे कर्जरोखे काढण्यात आले. त्यांची फेड ग्राहकांच्या बिलांतून पुढे अनेक वर्षे होत राहिली.

डेव्हिस यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. घाऊक दरांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता, तो संघराज्याच्या आयोगाकडे होता. अध्यक्ष बुश यांचे प्रशासन दरमर्यादेच्या विरोधात अनेक महिने अडून बसले होते. रुग्णालये आणि शाळा अंधारात ठेवून तत्त्वचर्चा करणे कोणत्याही जबाबदार शासनाला शक्य नव्हते. विजेची बचत करणाऱ्यास बिलात सवलत देण्याची त्यांची योजनाही चांगली होती आणि लोकांनी तिला उदंड साथ दिली. 2001 च्या उन्हाळ्यात सर्वोच्च मागणी सुमारे दहा टक्क्यांनी उतरली आणि सर्वांना ज्याचे भय होते, तो अंधार त्या उन्हाळ्यात पडला नाही. ज्या जनतेने हे करून दाखवले, तिच्यावर विसंबून याहून पुढचे पाऊल टाकता आले नसते काय?

ते पाऊल कोणते, हे त्याच राज्यात दिसत होते. लॉस एंजेलिस शहराची वीज महापालिकेच्या मालकीच्या यंत्रणेकडे होती. या यंत्रणेने नियंत्रणमुक्त बाजारात उडी घेतली नव्हती, आपली केंद्रे विकली नव्हती. शेजारी दिवे जात असताना त्या शहरातील दिवे चालू राहिले. सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप पुण्य, असे समजण्याचे मात्र कारण नाही. याच यंत्रणेने शिल्लक वीज चढ्या भावाने विकल्याचा आरोप झाला. मालकी लोकांची असली तरी तिच्यावर लोकांचा पहारा लागतो. पण वीजकेंद्र कोणाच्या मालकीचे यावर अंधार कोणाच्या वाट्याला येणार हे ठरते, एवढे तरी या उदाहरणाने निर्विवाद सिद्ध केले. डेव्हिस यांनी राज्याचे वीज प्राधिकरण स्थापन केले, पण ते कधी उभे राहिलेच नाही. खाजगी वाहिन्या विकत घेण्याची बोलणी केली, पण तो सौदा विधिमंडळात अडकला. चोराला चोर म्हणायचे आणि त्याच श्वासात त्याचे बिल भागवायचे, हे लोकांनी पाहिले. लोकांना अर्थशास्त्र कळत नसेल, पण हा विसंवाद कळतो.

पुढचा उतार सर्वज्ञात आहे. संगणक कंपन्यांच्या समभागांचा फुगा फुटला, कराचे उत्पन्न घटले आणि 2003 मध्ये तूट सुमारे 38 अब्ज डॉलरांपर्यंत गेल्याचे सांगण्यात आले. ती भरून काढण्यासाठी मोटारींवरील वार्षिक शुल्क तिप्पट केले गेले. कष्टकऱ्याच्या जुन्या गाडीवरही तो बोजा पडला. जनमत चाचण्यांत डेव्हिस यांच्यावर समाधानी असलेले लोक चौथ्या हिश्श्याहूनही कमी उरले. तेव्हा एका धनाढ्य रिपब्लिकन खासदाराने स्वतःचे सुमारे 17 लाख डॉलर ओतून, पगारी माणसे लावून सह्या गोळा केल्या. गव्हर्नरला परत बोलावण्याचा हा अधिकार कॅलिफोर्नियाला 1911 मध्ये मिळाला होता. राज्यावर रेल्वे कंपनीची जी पकड होती ती मोडण्यासाठी सुधारणावाद्यांनी तो लोकांच्या हाती दिला होता. मक्तेदारीविरुद्ध घडवलेले हत्यार आता पैसेवाल्याच्या हाती गेले होते.

परंतु सगळा दोष पैशावर टाकून आपली सुटका होत नाही. अमेरिकेत डेव्हिस यांच्यापूर्वी केवळ एकाच गव्हर्नरला असे परत बोलावले गेले होते. 1921 मध्ये नॉर्थ डकोटाचे लिन फ्रेझियर यांना. गव्हाच्या व्यापाऱ्यांनी आणि सावकारांनी नाडलेल्या शेतकऱ्यांच्या संघटनेने त्यांना निवडून आणले होते आणि त्यांच्या कारकिर्दीत राज्याच्या मालकीची बँक व पिठाची गिरणी यांचा पाया घातला गेला. फ्रेझियर पद गमावून बसले, पण पुढच्याच वर्षी लोकांनी त्यांना सिनेटवर पाठवले. ती बँक आणि ती गिरणी आज शंभर वर्षांनंतरही चालू आहेत. दोघेही गव्हर्नर पदच्युत झाले. एकाच्या मागे लोकांच्या मालकीच्या संस्था राहिल्या, दुसऱ्याच्या मागे कर्जरोखे.

लोकप्रियता हे बँकेत ठेवून व्याज खाण्याचे भांडवल नव्हे. दहापैकी सहा लोक पाठीशी असताना ज्याने ते बळ बाजाराशी झुंजण्यासाठी वापरले नाही, त्याच्याकडे दोन वर्षांनी वापरण्यासारखे काही उरले नाही. त्यांच्यानंतर आलेल्या नटानेही मोटारीचे शुल्क घटवून 15 अब्ज डॉलरांचे कर्ज काढले आणि 2011 च्या आरंभी पद सोडताना त्याचीही लोकप्रियता जवळपास डेव्हिस यांच्याच पातळीवर येऊन ठेपली होती. माणूस बदलला, धोरण तेच राहिले.

डेव्हिस गेले त्याच 2003 साली आपल्या देशात नवा विद्युत कायदा आला. 2005 मध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले, 2008 पासून विजेचे बाजार भरू लागले. जानेवारी 2023 मध्ये खाजगी कंपनीला समांतर वितरण परवाना देण्याच्या हालचालींविरुद्ध महाराष्ट्रातील वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला, तेव्हा ‘ग्राहकाला निवड मिळेल, वीज स्वस्त होईल’ हेच जुने वाक्य पुन्हा ऐकू आले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातही ते एकमुखाने म्हटले गेले होते. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या सभांत या वाक्याला एकच प्रश्न विचारावा: दिवे गेले, तर बिल कोणाच्या नावाने येणार?